चार मीटरच्या आत

आपल्याकडे मोटार निवडणे ही गोष्ट फार अलीकडची आहे. त्याआधी मोटार मिळत असे. म्हणजे नंबर लावावा, पैसे भरावेत, पावती देवापुढे ठेवावी आणि पुढची काही वर्षे 'आम्ही गाडीला नंबर लावलाय' असे चारचौघांत सांगत एस.टी.ने प्रवास करावा, अशी ती रीत होती. निवडीला वाव असा नव्हताच. स्थळे मोजून तीन. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसिडर, मुंबईच्या कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. त्यातली हेरल्ड संख्येने थोडी, म्हणजे उरली दोन. आता दोन स्थळांत तुलना ती काय करणार? ज्या गाडीचा नंबर आधी लागेल ती आपली, आणि दुसरी आपल्याला कधी आवडलीच नव्हती, असे उरलेला जन्मभर म्हणायचे.

हे सांगण्याचे कारण असे, की आमच्या घरात गेले दोन महिने छोटी एसयूव्ही घेण्याचे घाटते आहे. मी बँकेत कारकून. कॉमर्सचा पदवीधर. कुठल्याही खात्याकडे बघायचे तर आधी ओपनिंग बॅलन्स पाहायचा, ही वीस वर्षांची सवय. तेव्हा 'अहो, सगळ्या गाड्यांचा एक तक्ता करा आणि मोकळे व्हा' असे हिने सांगितल्यावर मी तक्ता केला. पण त्याआधी या गाड्या मुळात आल्या कुठून, ते बघायला बसलो. आमच्या घरात याला वेळकाढूपणा म्हणतात. इतिहासकार लोक याला पार्श्वभूमी म्हणतात.

तर सनावळी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिथे फियाट तयार होऊ लागली आणि पुढे तिचे बारसे होऊन ती प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईत ती टॅक्सी म्हणून इतकी टिकली, की शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. अँबॅसिडर १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि मे २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या दोघींच्या पुढच्या भागात बराच काळ सलग बाक असे आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. त्यामुळे पुढे तिघे बसत. मागे किती बसत, हे घरातल्या मुलांच्या संख्येवर आणि यजमानांच्या आग्रहावर अवलंबून. अँबॅसिडरमधून अख्खे वऱ्हाड उतरताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना 'पाचवा माणूस कुठे बसेल?' हा प्रश्नच कळणार नाही. मला मात्र तो प्रश्न पुढे पडणार आहे, तेव्हा तो बाक लक्षात असू द्या. आणि आणखी दोन आकडे लक्षात असू द्या: पद्मिनीची लांबी चार मीटरला थोडी कमी, आणि इंजिन १०८९ सीसीचे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली. इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली देण्यात आली. इंजिन ७९६ सीसी, किंमत ४७,५०० रुपयांच्या घरात. या गाडीने मध्यमवर्गाला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे गाडी सकाळी न ढकलताही चालू होते. आणि दुसरी, गाडीबद्दल विचारायचा एकच प्रश्न असतो: 'ॲव्हरेज किती देते?' त्यानंतर आमच्या समाजात हा प्रश्न कुशल विचारल्यासारखा विचारला जाऊ लागला. नवी गाडी घेऊन माणूस दारात उभा राहिला, की पेढा तोंडात टाकता टाकता आधी ॲव्हरेज विचारायचे आणि आकडा कितीही सांगितला तरी 'आमची याहून जास्त देते' म्हणायचे. (देणारा आकडा कंपनीचा सांगतो आणि घेणारा स्वतःचा उताराचा सांगतो, त्यामुळे दोघेही खरे असतात.)

आता दुसरे घराणे. हे घराणे जीपचे. १९४७ मध्ये महिंद्रने अमेरिकेतल्या विलीज जीपचे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. जीप ही कुटुंबाची गाडी कधीच नव्हती. ती सरकारची होती. गावात जीप शिरली, की तहसीलदार तरी आला असेल नाहीतर फौजदार. दोन्ही प्रसंगी माणसे घरात जात. निवडणुकीच्या दिवसांत तीच जीप कर्णा लावून यायची, तेव्हा माणसे बाहेर येत. पुढे या उंच गाड्यांनी सरकारी नोकरी सोडून सार्वजनिक जीवनात प्रवेश केला. ट्रॅक्स म्हणा, कमांडर म्हणा, सातारा-कोल्हापूरकडे त्यांचे वडाप झाले. आत चौदा, टपावर बोचकी आणि मागे फळीवर दोघे लोंबकळत, एवढे झाल्याशिवाय वडाप हलत नसे. आज 'हिच्यात पाच माणसं कम्फर्टेबल बसतील का?' असे शोरूममध्ये विचारताना माझी जीभ अडखळते ती या पूर्वजांच्या आठवणीने.

या घराण्याला शहरात आणायचा पहिला मान मी टाटांच्या सिएराला देईन. १९९१ साली ती आली. दारे तीन, मागच्या बाजूला भलीमोठी काच, आणि किंमत अशी की आमच्यासारख्यांनी ती काच बाहेरूनच बघावी. मग १९९४ मध्ये सुमो. पुष्कळांना हे नाव जपानी पैलवानावरून पडले असे वाटते, आणि गाडीची अंगलट बघता तसे वाटण्यात काही गैर नाही. पण ते नाव सुमंत मुळगावकरांचे. सुमंतमधला 'सु' आणि मुळगावकरांमधला 'मु'. इंग्रजीत 'मु'चा 'मो' होतो. टेल्को ज्यांनी उभी केली त्या मराठी माणसाचे नाव हजारो वऱ्हाडांनी, साईभक्तांनी आणि फौजदारांनी वर्षानुवर्षे घेतले, फक्त ते आपण घेतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते. २००० मध्ये बोलेरो, २००२ मध्ये स्कॉर्पिओ. शहरातल्या माणसाला उंचावर बसून खालच्या रहदारीकडे बघण्यात जो आनंद आहे तो याच काळात कळला. पण या गाड्या मोठ्या, महाग आणि आमच्या गल्लीत वळत नसत.

इथे आमच्या इतिहासाला कलाटणी मिळते, आणि ती देणारा माणूस इंजिनिअर नाही, अर्थमंत्री आहे. हे वाचून कॉमर्सवाल्यांनी मान ताठ करायला हरकत नाही.

२८ फेब्रुवारी २००६ च्या अंदाजपत्रकात चिदंबरम यांनी छोट्या मोटारींवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ वर आणला. आता छोटी म्हणजे कोणती? सरकारने उत्तर दिले: लांबी चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असेल तर १५०० सीसीपर्यंत. (पद्मिनीचे दोन आकडे आठवले का? बिचारी पाच-सहा वर्षे आधीच बंद झाली होती, नाहीतर या व्याख्येत अगदी आरामात बसली असती. अँबॅसिडरचे सव्वाचार मीटरचे धूड मात्र बाहेरच राहिले.)

बस, एवढ्या एका ओळीने भारतातल्या मोटारींचा आकार बदलला. शिंप्याने 'कापड चार मीटरच आहे' म्हटल्यावर गिऱ्हाईक जसे लांब कुडत्याचे अर्धे कुडते करून घेते, तशा कंपन्या कात्री घेऊन बसल्या. टाटांनी २००८ मध्ये इंडिगोची शेपटी कापून इंडिगो सीएस काढली. २०१२ मध्ये महिंद्रने साडेचार मीटरच्या झायलोचा जवळजवळ अर्धा मीटर छाटला आणि तिला क्वांटो म्हटले. तिच्या पाठीमागे समोरासमोर दोन घडीच्या सीट्स ठेवल्या होत्या. वडापचे रक्त असे सहज जात नाही. आणि या सगळ्याच्या मध्ये, २००९ च्या अखेरीस, चार मीटरच्या आतली आपली पहिली एसयूव्ही बाजारात आली. नाव रिओ. कुणी काढली असेल? त्याच प्रीमियरने, पद्मिनीवाल्या! चिंचवडला तयार होत असे. मूळ बेत चिनी गाडीचा होता. फार खपली नाही. रस्त्यावर ती दिसली की लोक वळून बघत, पण ते कौतुकाने नव्हे, ही कुठली, म्हणून. इतिहासात पहिला येणाऱ्याचे असे पुष्कळदा होते.

धुमाकूळ घातला तो फोर्डच्या इकोस्पोर्टने, जून २०१३ मध्ये. तिची लांबी ३९९९ मिलिमीटर! त्यानंतर २०१६ मध्ये ब्रेझा, ३९९५. २०१९ मध्ये व्हेन्यू, ३९९५. त्याच वर्षी नाशिकला तयार होणारी एक्सयूव्ही ३००; तिचे मूळ कोरियातल्या टिवोली नावाच्या सुमारे ४.२ मीटरच्या गाडीत, पण नाशिकला येईपर्यंत ३९९५. २०२० मध्ये सॉनेट, ३९९५. तक्त्यात हा लांबीचा रकाना भरताना माझ्या अंगावर काटा आला, कारण हे आकडे मी कुठेतरी पाहिले होते. मग लक्षात आले. रोख पन्नास हजारांच्या वर भरायची झाली तर पॅन कार्डाचा नंबर द्यावा लागतो. त्यामुळे आमच्या काउंटरवर महिन्याकाठी ज्या स्लिपा येतात त्यांत ४९,९०० भरणारे, ४९,९५० भरणारे आणि क्वचित ४९,९९९ भरणारे एक-दोन निधड्या छातीचे गृहस्थ असतात. मला ही सगळी माणसे चेहऱ्याने ठाऊक आहेत. आता त्यांच्या गाड्याही ओळखू येऊ लागल्या.

या पाच मिलिमीटरची किंमत किती? हिशोब सोपा आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा या छोट्या गाड्यांना २८ टक्के आणि वर १ किंवा ३ टक्के उपकर होता, तर मोठ्या एसयूव्हीला उपकरासकट सुरुवातीला ४३ आणि लवकरच ५० टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोटीला १८ आणि मोठीला ४०. समजा करापूर्वीची किंमत आठ लाख आहे. चार मीटरच्या आत राहिली तर ९ लाख ४४ हजार, आणि बाहेर गेली तर ११ लाख २० हजार. फरक १ लाख ७६ हजार. पाच मिलिमीटरने भागा. मिलिमीटरला ३५,२०० रुपये! आमच्या पेठेतल्या जागेचे भाव ऐकून पूर्वी मला चक्कर येत असे, आता येत नाही.

गंमत अशी, की २०१७ च्या त्या उपकराच्या यादीत एसयूव्ही कशाला म्हणायचे तेही लिहिले होते: लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर आणि जमिनीपासूनची उंची किमान १७० मिलिमीटर. म्हणजे आम्ही जिला दोन महिने 'छोटी एसयूव्ही' म्हणतो आहोत ती सरकारदरबारी एसयूव्ही नव्हतीच. ती नुसतीच छोटी. हे मी रात्री जेवताना सांगितले. मुलगा ताटावरून उठला.

इंजिनाचेही तेच. १२०० सीसीच्या कुंपणात ताकद मावेना म्हणून तीन सिलिंडरची टर्बो इंजिने आली. ब्रेझाची कथा तर न्यारीच. ती आली तेव्हा डिझेलवर, १२४८ सीसी, म्हणजे नियमात. एप्रिल २०२० पासून बीएस ६ चे नियम लागू झाले, मारुतीने डिझेल सोडले आणि ब्रेझाला १४६२ सीसीचे पेट्रोल इंजिन बसले. म्हणजे लांबी चार मीटरच्या आत राहूनही कर मोठ्या गाडीचा. एवढे असूनही ती खपतेच आहे. तेव्हा केवळ कर वाचतो म्हणून माणूस गाडी घेतो, हा आमचा कॉमर्सचा सिद्धांत लोक मानत नाहीत, हेही नोंदवून ठेवतो. (विजेच्या गाडीला ५ टक्के, आणि लांबी कितीही. पण आमच्या सोसायटीत चार्जिंगच्या पॉइंटचा ठराव दोन सभांतून तहकूब झालेला आहे.)

सरकारने लांबी मोजली, रुंदी मोजली नाही. मग गाड्या रुंद झाल्या. पद्मिनी दीड मीटरच्याही आत होती. आजच्या या छोट्या पावणेदोन मीटरच्या पुढे, काही एक मीटर ऐंशी सेंटिमीटर. आणि आमच्या सोसायटीच्या खांबांना अंदाजपत्रकाची प्रत गेलेली नाही. टेप घेऊन मी आमच्या पार्किंगची रुंदी मोजली, तेव्हा गाडी आत जाते, पण ड्रायव्हर आतच राहतो असे दिसले. सेक्रेटरींनी शेजारच्या स्कूटरवाल्याला अर्धा फूट सरकवायचे कबूल केले तेव्हा कुठे तक्ता पुढे सरकला.

तर आता तक्ता. आमचे हेड कॅशियर म्हणाले, "फक्त ॲव्हरेज बघ. बाकी सगळी माया." ॲव्हरेजचा अधिकृत आकडा पुण्याच्या एआरएआय या संस्थेतून येतो. ही संस्था जिथे आहे त्या टेकडीला पुणेकर संस्थेचेच नाव देतात आणि रोज सकाळी तिथे फिरायला जातात. प्रयोगशाळेत गाडी रुळांवर जागच्या जागी पळवून तो आकडा काढतात. तिथे खड्डे नसतात, सिग्नल नसतात आणि 'एसी वाढवा हो जरा' म्हणणारे कोणी नसते. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, सनरूफ पाहिजेच. सनरूफशिवाय गाडी म्हणजे गच्चीशिवाय घर." मेव्हणा स्वतः गच्चीशिवायच्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलाला टचस्क्रीन मोठी हवी. हिचा रकाना एकच, डिकी. गणपतीला कोकणात जाताना मखराचे सामान, येताना नारळ आणि तांदूळ, यांना पुरेल ती गाडी. आणि आईसाठी उंची. आईच्या गुडघ्यांमुळेच तर हे सगळे सुरू झाले. बुटक्या गाडीत बसायचे म्हणजे तिला विहिरीत उतरल्यासारखे वाटते आणि जीपसारखीत चढायचे म्हणजे झाडावर. कमरेच्या बरोबरीने सीट असेल तर नुसते टेकायचे आणि पाय आत घ्यायचे. एसयूव्हीच्या जाहिरातीत डोंगर, नद्या आणि वाळवंट दाखवतात. माझ्या मते निम्म्या गाड्या सासू-सासऱ्यांच्या गुडघ्यांवर खपतात.

एक रकाना मात्र आमच्या वडिलांच्या पिढीत कुणाच्या स्वप्नातही आला नसता. तो ताऱ्यांचा. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आपटून पाहिल्या. पाचांना शून्य तारे. ज्या गाड्यांचे ॲव्हरेज आम्ही तीस वर्षे एकमेकांना विचारत होतो, त्यांत माणूस वाचतो का, हे कुणी कुणाला विचारले नव्हते. मग डिसेंबर २०१८ मध्ये पुण्याजवळ रांजणगावला तयार होणाऱ्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतीय गाडीला ते पहिल्यांदाच. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅपची परीक्षाही सुरू झाली. त्यात मोठ्या माणसांचे गुण वेगळे आणि लहान मुलांचे वेगळे देतात. मी प्रगतिपुस्तके बघावीत तशी ती एकेक बघितली.

आणि तिथे मला पाचवा माणूस भेटला. आम्ही पाच जण. पुढे आम्ही दोघे, मागे एका खिडकीशी आई, दुसऱ्या खिडकीशी मुलगा, कारण त्याला गाडी लागते. मध्ये मुलगी. वय नऊ. तिला काहीच लागत नाही, म्हणून तिला कुणी काही विचारत नाही. कापलेली शेपटी प्रत्येक कंपनीने कुठून तरी भरून काढली आहे. कुणी डिकीतून, कुणी मागच्या माणसाच्या गुडघ्यांतून, आणि थोडी थोडी सगळ्यांनीच त्या मधल्या जागेतून. बऱ्याच गाड्यांत वर्षानुवर्षे त्या जागेला नुसता कमरेचा पट्टा होता. खांद्यावरचा पट्टा नाही, डोक्यामागे उशी नाही. अजूनही माहितीपत्रकात सनरूफ पहिल्या पानावर असते आणि मधला पट्टा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, कुठल्या मॉडेलला आहे आणि कुठल्याला नाही याची फुली-बरोबर करून. बारीक अक्षरे वाचायचाच मला पगार मिळतो. सात गाड्यांच्या सत्तावीस मॉडेलांत ती फुली मी शोधली आणि तक्त्याला एक रकाना वाढवला. घरात वाचून दाखवला. मेव्हणा जांभई देत म्हणाला, "एका पट्ट्यासाठी ऐंशी हजार?" कारण आमच्या पसंतीच्या गाडीत तो पट्टा वरच्या मॉडेलला होता. सात वर्षांच्या कर्जावर ऐंशी हजार म्हणजे महिन्याला बारा-तेराशे रुपये. मी तेही मांडून दाखवले. कुणी काही बोलले नाही. आई वाती वळत बसली होती.

रविवारी शोरूममध्ये गेलो. सेल्समन मुलगा चटपटीत. मुलाला स्क्रीन दाखवली, हिला डिकी उघडून दिली, आईसाठी मागचे दार उघडून धरले. "या आजी, खिडकीपाशी बसा."

आई टेकली, पाय आत घेतले, आणि खिडकीपाशी न थांबता इंचाइंचाने सरकत थेट मधल्या जागेवर जाऊन बसली. गुडघे समोरच्या उंचवट्यावर, चेहरा वेदनेने जरासा आक्रसलेला. हाताने सीटमागे चाचपडत मला म्हणाली, "ह्याचा पट्टा कुठून येतो रे? खांद्यावरून की नुसता पोटावर?"

खांद्यावरून येत होता. तिने तो ओढला, लावला, दोनदा हिसका देऊन पाहिला, आणि माझ्या मुलीला हाक मारली, "ये, आता तू बसून बघ."

सेल्समनला वाटले, सौदा सनरूफने पक्का होईल. त्याने बटण दाबले. छत सूं करून मागे सरकले. "आजी, वर बघा!"

आईने वर पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "तुमची एक ट्यूबलाइट गेलीय."